इंग्रजीतले ‘हॅव’ आणि आपले ‘आहे’

दिग्रसकडच्या एका कास्तकार पालकांनी विचारले आहे की, दहावीत शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने लहानपणापासून ‘हॅव म्हणजे जवळ असणे’ असे पाठ केले आहे. मग ‘आय हॅव टू गो’ या वाक्यात जवळ काय असते, ‘आय हॅव ईटन’ म्हणताना जेवण जवळ कसे राहते, आणि एका वाक्यात ‘ही हॅड हॅड हिज मील’ असे ‘हॅड’ दोनदा आले आहे ती छपाईची चूक आहे काय, हे तिला कोणी समजावून सांगत नाही. प्रश्न मुलीचा आहे, वडिलांनी तो फक्त पोचता केला आहे, असे दिसते. यवतमाळ आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावशाळांमध्ये एकतीस वर्षे इंग्रजी शिकवल्यानंतरही या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत देणे मला जमणार नाही, कारण मुलीने बोट नेमके दुखऱ्या जागी ठेवले आहे.

चूक त्या पाठ केलेल्या सूत्रातच आहे. मराठीत ‘हॅव’ला एकच एक प्रतिशब्द नाही, कारण मालकी दाखवणारे क्रियापदच मराठीत नाही. आपल्याकडे ‘असणे’ आहे. वस्तू असते, आणि ती कोणाला आहे, कोणाकडे आहे, कोणाजवळ आहे हे आपण प्रत्ययाने किंवा शब्दयोगी अव्ययाने सांगतो. ‘मला तीन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पाच एकर वावर आहे’, ‘माझ्याजवळ आता सुटे पैसे नाहीत’, ‘त्या पोरात धमक आहे’, ‘घराला दोन दारे आहेत’, ‘तिचे डोळे घारे आहेत’ ही सहा वाक्ये आपण पाच तऱ्हांनी जुळवतो. इंग्रजी बोलणारा माणूस सहाही ठिकाणी ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ घालून मोकळा होतो. आपल्याला मात्र यातला एक प्रत्ययही इकडचा तिकडे करता येत नाही. ‘माझ्याकडे तीन भाऊ आहेत’ असे म्हटले की ते मुक्कामाला आले आहेत असे ऐकणारा समजतो. ‘माझ्याकडे पैसे आहेत’ म्हणणाऱ्याचे पैसे बँकेतही असू शकतात, ‘माझ्याजवळ’ म्हणणाऱ्याचे बहुधा खिशात असतात.

आपल्या भागातले उदाहरण विहिरीचे आहे. ‘विहिरीत पाणी आहे’ आणि ‘विहिरीला पाणी आहे’ या दोन वाक्यांतला फरक कास्तकाराला सांगावा लागत नाही. पहिल्या वाक्यातले पाणी कालच्या पावसाचेही असू शकेल. दुसऱ्या वाक्यात झऱ्याची हमी आहे, उन्हाळ्यातही मोटर काही वेळ चालेल असा विश्वास आहे. सोयरीक जुळवताना किंवा वावर विकत घेताना माणसे ‘विहिरीले पाणी हाय काय?’ असेच विचारतात, ‘विहिरीत’ असे विचारत नाहीत. ‘द वेल हॅज वॉटर’ या इंग्रजी वाक्यात दोन्ही अर्थ एकाच पोत्यात भरलेले असतात आणि नेमका अर्थ सांगायचा तर इंग्रजीला आणखी शब्द जोडावे लागतात. म्हणून मी वर्गात मुलांना सांगत असे की, या बाबतीत आपली भाषा अपुरी नसून उलट अधिक बारीक विणीची आहे, आणि अडचण येते ती बारीक विणीतून जाड विणीत जाताना.

अशी रचना करणारे आपण एकटेही नाही. संस्कृतात ‘मम पुत्रः अस्ति’ असे म्हणतात, म्हणजे ‘माझा मुलगा आहे’. वणी-पांढरकवड्याच्या पलीकडे तेलुगू सुरू होते. ती वेगळ्या कुळातली भाषा, तरी तिच्यातही ‘नाकु इद्दरु अन्नलु उन्नारु’ म्हणजे शब्दशः ‘मला दोन मोठे भाऊ आहेत’ असेच म्हणतात. रशियनमध्येही नेहमीची रीत ‘माझ्याकडे आहे’ अशीच आहे. इंग्रजी ‘हॅव’चा मूळ अर्थ मात्र पकडणे, हाती धरणे असा होता. लॅटिनमध्ये त्याच अर्थाचे ‘हाबेरे’ हे क्रियापद आहे आणि दोघे दिसायला सख्खे भाऊ वाटतात, पण त्यांचे रक्ताचे नाते नाही. ‘हॅव’चा खरा नातलग लॅटिनमधला ‘कापेरे’ म्हणजे पकडणे हा आहे, ज्याच्यापासून इंग्रजीत ‘कॅप्चर’ आणि ‘कॅप्टिव्ह’ हे शब्द आले. मूळचा ‘क’ इंग्रजीच्या कुळात ‘ह’ झाला आणि ‘प’ची जागा ‘फ’ने घेतली, हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोप ग्रिम यांनी १८२२ मध्ये मांडला, आपले ‘पितृ’ आणि इंग्रजी ‘फादर’, आपला ‘पाद’ आणि इंग्रजी ‘फुट’ ही त्याच नियमाची उदाहरणे आहेत. सांगायचे ते इतकेच की, इंग्रजी वाक्यात मालक कर्त्याच्या जागी बसतो आणि वस्तू धरून ठेवतो. मराठी वाक्यात वस्तूच कर्ता असते आणि माणूस ‘ला’ किंवा ‘कडे’ लावून बाजूला उभा असतो. ‘द हॅव्ज अँड द हॅव-नॉट्स’ या इंग्रजी शब्दप्रयोगासाठी मराठीत ‘आहे रे’ आणि ‘नाही रे’ असे शब्द रूढ झाले, तेही याच कारणाने. क्रियापदच नाही म्हटल्यावर ज्याने कोणी तो शब्द घडवला त्याला ‘आहे’कडेच जावे लागले, आणि माझ्या मते मराठीतल्या उत्तम भाषांतरांपैकी ते एक आहे.

कर्त्याची ही अदलाबदल ध्यानात आली की मुलांच्या एका नेहमीच्या चुकीचा उलगडा होतो. ‘ही हॅव फोर बुलक्स’ आणि ‘आय हॅज वन बुलक’ अशी वाक्ये मी हजारो वह्यांत तांबड्या शाईने दुरुस्त केली, आणि कितीतरी वर्षे मला वाटत होते की मुलांनी तक्ता पाठ केलेला नाही. तक्ता त्यांना पाठ होता. ‘त्याच्याकडे चार बैल आहेत’ या मराठी वाक्यात ‘आहेत’ हे अनेकवचन बैलांमुळे येते, त्याच्यामुळे नाही. मुले तोच हिशेब इंग्रजीत लावत होती, म्हणून बैल चार दिसले की ‘हॅव’ आणि बैल एक दिसला की ‘हॅज’. एका मुलीने मला हा हिशेब स्वतःच्या तोंडाने सांगितला तेव्हा तो मला कळला, आणि त्यानंतर मी तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी ‘बैल मोजू नका, मालक मोजा’ हे वाक्य लिहू लागलो. प्रश्न आणि नकार करताना ‘डझ’ किंवा ‘डिड’ आले की मालक मोजण्याचीही गरज उरत नाही, कारण मग ‘हॅव’ मूळ रूपातच राहते: ‘डझ ही हॅव अ बुलक-कार्ट?’, ‘डिड यू हॅव टी?’ ‘डझ ही हॅज’ आणि ‘डिड यू हॅड’ ही रूपे कोठेच चालत नाहीत. ‘हॅव यू गॉट अ पेन?’ हे ब्रिटिश वळण आणि ‘डू यू हॅव अ पेन?’ हे मूळचे अमेरिकी, पण आता सर्वत्र चालणारे वळण. दोन्हीचा अर्थ एक आहे आणि दोन्ही शुद्ध आहेत. नुसते ‘हॅव यू अ पेन?’ हे आता जुनाट वाटते.

पुढची अडचण अशी की मराठी ‘आहे’ इंग्रजीत कधी ‘इज’ होते आणि कधी ‘हॅव’ होते. ढोबळ कसोटी अशी की, वाक्यात ‘ला’, ‘कडे’ किंवा ‘जवळ’ असलेला माणूस दिसला तर बहुधा ‘हॅव’ येते. ‘तो सालदार आहे’, ‘विहीर खोल आहे’ अशा वाक्यांत तसा कोणी नसतो, तेथे ‘इज’ येते. पण शरीराच्या आणि मनाच्या अवस्थांमध्ये ही कसोटी फसते आणि तेथे पाठांतराला पर्याय नाही. ‘मला ताप आहे’, ‘मला शंका आहे’ येथे ‘हॅव’ चालते. ‘मला भूक लागली आहे’, ‘मला घाई आहे’, ‘मला आनंद आहे’ येथे इंग्रजी माणूस ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम इन अ हरी’, ‘आय ॲम हॅपी’ असेच म्हणतो. जर्मनमध्ये ‘मजजवळ भूक आहे’ अशा रचनेचे वाक्य सर्रास चालते, इंग्रजीत चालत नाही. यामागे काही तर्क शोधू नये.

‘आय ॲम हॅविंग थ्री ब्रदर्स’ हा आपल्याकडचा सर्वांत प्रसिद्ध दोष. रजेच्या अर्जात ‘आय ॲम हॅविंग फीवर’ असे लिहिणारे शिक्षक मी पाहिले आहेत आणि नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मीही तसेच लिहिले असले पाहिजे. हा दोष काढण्यासाठी व्याकरणाच्या पुस्तकांत स्थितिदर्शक क्रियापदे, गतिदर्शक क्रियापदे असे वर्गीकरण देतात. ते बरोबर असले तरी आठवीच्या मुलाच्या उपयोगाचे नाही. त्याला उपयोगी पडते त्याची घरची वऱ्हाडी. आपल्याकडे चालू क्रिया ‘-ऊन राहणे’ने सांगतात: ‘मी जेवून रायलो’, ‘पोट्टे खेळून रायले’. आता ‘मले तीन भाऊ असून रायले’ असे कोणी म्हणते काय? ‘माह्याकडे पाच एकर वावर असून रायलं’ असे म्हणते काय? वर्ग हसतो. जेथे वर्ग हसतो तेथे इंग्रजीतही ‘हॅविंग’ बसत नाही, एवढे सांगितले की काम होते. उलट ‘मी चहा पिऊन रायलो’ हे अगदी सरळ वाक्य आहे, म्हणून ‘आय ॲम हॅविंग टी’ हेही सरळ आहे. ताप मात्र या कसोटीला दगा देतो, कारण ‘ताप येऊन रायला’ असे आपण म्हणतो. पण तेथे क्रियापद ‘येणे’ आहे, ‘असणे’ नाही, हे मुलांना दाखवून द्यावे. प्रमाण मराठी शिकवताना ज्या बोलीबद्दल मुलांना टोकले जाते, तीच बोली इंग्रजीच्या तासाला अशी कामास येते, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे.

यातूनच ‘हॅव’चा दुसरा मोठा अर्थ समोर येतो. खाणे, पिणे, आंघोळ करणे, पाहणे, भोगणे अशा कितीतरी क्रिया इंग्रजी माणूस ‘हॅव’ने भागवतो: ‘हॅव ब्रेकफास्ट’, ‘हॅव अ बाथ’, ‘हॅव अ लुक’. मराठीत येथे ‘घेणे’ किंवा ‘करणे’ येते, ‘असणे’ येत नाही. हा फरक न कळल्यामुळे अर्थाचा किती घोटाळा होतो ते ‘बेबी’च्या वाक्यांत पाहावे. ‘शी हॅज अ बेबी’ म्हणजे तिला बाळ आहे. ‘शी हॅड अ बेबी लास्ट वीक’ म्हणजे तिला मागच्या आठवड्यात बाळ झाले, तेव्हा होते आणि आता नाही असा अभद्र अर्थ त्यात नाही. आणि ‘शी इज हॅविंग अ बेबी’ म्हणजे तिला बाळ होणार आहे. मराठीत ‘असणे’ आणि ‘होणे’ ही दोन क्रियापदे जे काम वाटून घेतात, ते इंग्रजीत एकट्या ‘हॅव’च्या रूपांवर पडते.

आता मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: ‘आय हॅव ईटन’मध्ये जवळ काय असते? इतिहास पाहिला तर खरोखरच काहीतरी जवळ असे. जुन्या इंग्रजीत या रचनेचा अर्थ ‘माझ्याजवळ पत्र आहे, लिहिलेल्या अवस्थेत’ असा होता. ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण होते आणि ‘हॅव’ हे खरे मालकीचे क्रियापद होते. पुढे कित्येक शतकांच्या बोलण्यात लक्ष पत्रावरून लिहिण्याच्या क्रियेकडे सरकले, मालकीचा अर्थ झिजत गेला आणि ‘हॅव’ काळ दाखवणारे सहायक क्रियापद बनले. म्हणून आज जेवण पोटात गेल्यावरही, म्हणजे हातात काहीच उरले नसतानाही, ‘आय हॅव ईटन’ म्हणता येते. मराठीने तेच काम ‘आहे’कडून करून घेतले: ‘मी जेवलो आहे’, ‘मी भाकरी खाल्ली आहे’, ‘मी आंबा खाल्ला आहे’. शेवटच्या दोन वाक्यांत क्रियापदाचे लिंग भाकरी आणि आंबा यांच्याप्रमाणे बदलते, म्हणजे आपल्याकडेही ‘खाल्लेली भाकरी’ आणि ‘खाल्लेला आंबा’ यांची जुनी खूण टिकून आहे. इंग्रजीत ती खूण पुसली गेली.

ती पूर्ण पुसली गेली असेही नाही, आणि येथे मी थोडा थांबणार आहे, कारण या ठिकाणी अनेक शिक्षकही अडखळतात. शब्दांचा क्रम बदलला की जुना अर्थ वेगळ्या वेषात परत येतो. ‘आय हॅव रिटन द लेटर’ म्हणजे पत्र मी लिहिले आहे. ‘आय हॅड द लेटर रिटन’ म्हणजे पत्र मी कोणाकडून तरी लिहून घेतले. गावातला माणूस न्हाव्याकडून येतो आणि सांगतो, ‘मी केस कापले’. मराठीत ते चालते, कारण कात्री कोणाच्या हातात होती हे सगळ्यांना माहीत असते. इंग्रजीत ‘आय हॅव कट माय हेअर’ म्हटले तर आरशासमोर उभे राहून स्वतःच कात्री चालवली, असे ऐकणारा समजतो. म्हणायचे असते ते ‘आय हॅव हॅड माय हेअर कट’ किंवा ‘आय हॅड माय हेअर कट’. मोटर, शिलाई, घराचे छप्पर यांचेही असेच आहे: ‘वी हॅड द मोटर रिपेअर्ड’ म्हणजे मोटर दुरुस्त करून घेतली. दुरुस्त कोणी केली तेही सांगायचे असेल तर ‘वी हॅड द मेकॅनिक रिपेअर द मोटर’ असे म्हणतात, आणि त्या वेळी ‘रिपेअर’ मूळ रूपात राहते. मराठीतले ‘करून घेणे’ हे याचे जवळपास अचूक भाषांतर आहे. पण तेही आंधळेपणाने वापरू नये. ‘वी हॅड अवर क्रॉप डिस्ट्रॉइड बाय हेल’ याचा अर्थ आम्ही गारांकडून पीक नष्ट करून घेतले असा नसून आमचे पीक गारपिटीने गेले असा आहे. ‘ही हॅड हिज पॉकेट पिक्ड’ म्हणजे त्याचा खिसा कापला गेला. रचना तीच, घडवून आणले की वाट्याला आले, हे प्रसंगावरून ओळखायचे.

काळाच्या बाबतीत आपल्याकडची दुसरी मोठी चूक ‘हॅड’ची आहे. ‘मी काल यवतमाळले गेलतो’ असे आपण सहज म्हणतो. ‘गेलतो’ म्हणजे ‘गेलो होतो’, आणि त्या ‘होतो’चे मुले ‘हॅड’ करतात: ‘आय हॅड गॉन टू यवतमाळ यस्टरडे’. मराठीत ‘गेलो होतो’ हे नुसत्या झाल्या-गेल्या गोष्टीसाठीही चालते, विशेषतः गेलो आणि परत आलो असा अर्थ असला म्हणजे. इंग्रजी ‘हॅड’ला मात्र भूतकाळातली दुसरी घटना सोबत लागते, जिच्या आधी ही घटना घडली. ‘आम्ही दारव्ह्याच्या स्टेशनावर पोचलो तोवर शकुंतला निघून गेली होती’ येथे दोन घटना आहेत, पोचणे आणि त्याआधीचे निघून जाणे, म्हणून ‘द शकुंतला हॅड लेफ्ट’. (मूर्तिजापूर–यवतमाळची ती छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे उदाहरण पटणार नाही, कारण तिच्यामागे धावूनही ती पकडता येई असे जुने लोक सांगतात.) यवतमाळला नुसते जाऊन आलेल्या माणसाने ‘आय वेंट टू यवतमाळ यस्टरडे’ म्हणावे. तसेच ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, पण ‘काल’ आले की इंग्रजीत ‘हॅव सीन’ चालत नाही. कालची गोष्ट ‘सॉ’नेच सांगावी लागते. ‘ही हॅज गॉन टू नागपूर’ म्हणजे तो नागपूरला गेला आहे, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू नागपूर’ म्हणजे जाऊन आला आहे. मराठीत ‘जाऊन’ या एका शब्दाने जे होते, त्यासाठी इंग्रजीत क्रियापदच बदलते.

आता तिचा पहिला प्रश्न, ‘आय हॅव टू गो’चा. याचेही मूळ मालकीतच आहे. ‘माझ्याजवळ लिहायला एक पत्र आहे’ या अर्थाच्या वाक्यातून ‘मला पत्र लिहायचे आहे’ हा अर्थ निघाला, कारण हाती काम पडून आहे म्हटल्यावर ते करणे आलेच. मराठी वाक्याकडे पुन्हा एकदा पाहावे: ‘मला तीन भाऊ आहेत’ आणि ‘मला पत्र लिहायचे आहे’. दोन्हींत ‘मला’ आणि दोन्हींत ‘आहे’. इंग्रजीने मालकीच्या क्रियापदातून कर्तव्य घडवले आणि मराठीने मालकी सांगण्याच्या ‘मला... आहे’ या रचनेत कर्तव्यही बसवले. दोन दूरच्या भाषा एकाच वाटेने गेल्या, हे मला स्वतःला फार उशिरा दिसले. फरक इतकाच की ‘मला नागपूरला जायचे आहे’ यात इच्छाही असू शकते आणि भाग पडणेही असू शकते, तर ‘हॅव टू’मध्ये भाग पडणेच असते. त्यामुळे ‘हॅव टू’साठी ‘लागते’ हा शब्द अधिक चपखल आहे. शेतीच्या पंपांना थ्री-फेज वीज रात्रीची मिळाली की ‘रात्री ओलित करावे लागते’: ‘वी हॅव टू इरिगेट ॲट नाइट’. येथे हौस कोणालाच नसते, परिस्थिती तसे करायला लावते. ‘मस्ट’ हे त्याहून ‘पाहिजे’च्या जवळचे आहे, त्यात बहुधा बोलणाऱ्याचा स्वतःचा आग्रह असतो.

होकारात या दोघांत थोडाच फरक असतो, पण नकारात ते दोन टोकांना जातात. ‘यू डोन्ट हॅव टू कम’ म्हणजे येण्याची गरज नाही, आलात तर हरकत नाही. ‘यू मस्ट नॉट कम’ म्हणजे येऊ नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, त्यानंतर वर्गात मी हा फरक औषधाच्या डब्याच्या उदाहरणावरूनच शिकवू लागलो. वाऱ्याच्या दिशेविरुद्ध फवारू नका, या अर्थाने डब्यावर ‘मस्ट नॉट’ लिहिलेले असेल आणि वाचून दाखवणाऱ्या मुलाने बापाला ‘गरज नाही’ असे सांगितले, तर ती व्याकरणाची चूक राहत नाही.

उच्चाराबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे. भाग पडण्याच्या अर्थाने ‘हॅव टू’ येते तेव्हा बोलताना त्याचा ‘हॅफ टू’ होतो आणि ‘हॅज टू’चा ‘हॅस टू’ होतो. मालकीच्या अर्थात ‘व’ स्पष्ट राहतो. ‘द बुलक्स आय हॅव टू सेल’ या शब्दांचे दोन अर्थ निघतात: माझ्याकडे विकायला आहेत ते बैल, आणि मला विकावे लागत आहेत ते बैल. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. कानाला मात्र एका ‘व’ आणि ‘फ’ने कळते की बाजारात उभा असलेला माणूस व्यापारी आहे की अडलेला कास्तकार.

किरकोळ प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांतले दोन-तीनच येथे घेतो. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे कोणाशी दोन शब्द बोलणे, पण ‘हॅव वर्ड्स’ म्हणजे शब्दाला शब्द लागणे, भांडण होणे. एका अनेकवचनाने प्रकरण हातघाईवर येते. ‘यू शुड हॅव कम’ म्हणजे तू यायला हवे होते. त्यातला ‘हॅव’ इतका पुसट बोलला जातो की इंग्रजी मातृभाषा असलेली माणसेही लिहिताना तेथे ‘ऑफ’ लिहून बसतात, तेव्हा आपल्या मुलांनी फार लाजायचे कारण नाही. ‘यू हॅड बेटर गो’ यात ‘हॅड’ असूनही भूतकाळ नाही, सल्ला आहे, आणि त्याला किंचित इशाऱ्याची धार आहे. हे मुलांना विचित्र वाटते. पण ‘तू आता निघालेला बरा’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘निघालेला’ हे रूपही झालेल्या गोष्टीचेच असते आणि अर्थ पुढचा असतो.

राहिले ते ‘हॅड हॅड’. ती छपाईची चूक नाही. ‘ही हॅड हॅड हिज मील बिफोर द बस केम’ या वाक्यात दुसरे ‘हॅड’ हे जेवण्याच्या अर्थाचे खरे क्रियापद आहे आणि पहिले ‘हॅड’ केवळ काळ सांगते, म्हणजे बस येण्याआधीच त्याचे जेवण झाले होते. ‘हॅड ईटन’ म्हटले असते तर कोणी दचकले नसते. ‘ईटन’च्या जागी ‘हॅव’चेच रूप आल्यामुळे एक शब्द दोनदा दिसतो. आपल्या मुलीला सांगावे की असे वाक्य ती घरी रोज बोलते. किराणावाल्याची उधारी चुकवायची असली की आपण म्हणतो, ‘त्याचे पैसे देऊन दे’. त्यातले पहिले ‘देणे’ पैशाचे आहे, आणि दुसरे फक्त काम उरकून टाक एवढेच सांगते. तसेच ‘तो पोट्टा सध्या नागपूरले राहून रायला’ यात पहिले ‘राहणे’ मुक्कामाचे आहे आणि दुसरे चालू काळाचे.